चुंबकीय पदार्थांची पार्यता आणि संगणकीय क्षेत्रगणित : प्रस्तावना

विद्युत्‌यंत्राचा आराखडा करणाऱ्याला आपल्या यंत्रातील चुंबकीय क्षेत्र यंत्र बांधण्यापूर्वीच पाहता यावे, ही आकांक्षा जुनी असली, तरी ती सर्वसामान्य अभियंत्याच्या, किंबहुना पदविकेच्या विद्यार्थ्याच्याही, आवाक्यात आली ती गेल्या तीन-चार दशकांत. आज डेव्हिड मीकर यांनी रचलेला एफईएमएम हा प्रोग्राम कोणालाही विनामूल्य मिळतो, आणि कॉमसॉल, मॅक्सवेल, जेमॅग यांसारखी मोठी सॉफ्टवेअरे अनेक कारखान्यांच्या व महाविद्यालयांच्या दप्तरी आहेत. या साऱ्यांना तीन गोष्टी सांगाव्या लागतात : यंत्राची आकृती, वेटोळ्यांतील प्रवाह, आणि आकृतीच्या प्रत्येक भागात भरलेला पदार्थ. यांपैकी पहिल्या दोन गोष्टी आराखडा करणाऱ्याच्या स्वतःच्या असतात, त्याने त्या मोजलेल्या व ठरवलेल्या असतात. तिसरी मात्र तो बहुधा तयार यादीतून उचलतो, आणि उचलताना ती कोणाची, कशाची, कोणत्या परिस्थितीतली, हे विचारीत नाही. ही तिसरी गोष्ट, म्हणजे पदार्थाची चुंबकीय पार्यता, स्वतःच्या प्रयोजनाप्रमाणे कशी घडवावी व संगणकाच्या हवाली कशी करावी, हा प्रस्तुत पुस्तकाचा विषय आहे.

पार्यता, जिला आपले विद्यार्थी व कारागीर सर्रास पर्मिअॅबिलिटी म्हणतात, तिची व्याख्या एका ओळीची आहे : पदार्थात निर्माण होणारी स्रोतघनता बी आणि ती निर्माण करणारी चुंबकीय क्षेत्राची तीव्रता एच यांचे गुणोत्तर. निर्वात पोकळीसाठी हे गुणोत्तर ४π × १०⁻⁷ हेन्री प्रति मीटर मानले जाते, आणि २०१९ साली एककांच्या व्याख्या बदलल्यानंतर ते गृहीत न राहता मोजण्याची राशी झाले असले, तरी अभियंत्याच्या हिशेबात त्याने काडीचाही फरक पडत नाही. या मूल्याच्या पटीत मोजलेली सापेक्ष पार्यता हवेसाठी १, सामान्य मँगेनीज-झिंक फेराइटसाठी दोन-तीन हजार, दिशारहित, म्हणजे कण एका दिशेने न जुळवलेल्या, सिलिकॉनयुक्त पोलादासाठी कमालपक्षी काही हजार, आणि निकेल-लोह मिश्रधातूंसाठी योग्य उष्णतासंस्कारानंतर लाखाच्या घरात जाते. परंतु लोखंडाच्या बाबतीत ही व्याख्या जितकी सुटसुटीत, तितकेच तिचे आचरण गुंतागुंतीचे आहे. क्षेत्र दुर्बळ असता पार्यता अल्प असते, क्षेत्र वाढवावे तशी ती चढते, एका शिखराला पोहोचते, आणि पदार्थ तृप्त होऊ लागला की इतक्या झपाट्याने उतरते की, शेवटी ते लोखंड क्षेत्राच्या वाढीव भागापुरते हवेसारखेच वागू लागते. शिवाय लोखंडाला स्वतःचा भूतकाळ असतो. क्षेत्र वाढवीत नेताना त्याने जे मूल्य दाखवले, तेच क्षेत्र उतरवीत आणताना ते दाखवीत नाही. म्हणून ‘या पोलादाची पार्यता किती?’ हा प्रश्न ‘कोणत्या क्षेत्रात, कोणत्या दिशेने, कोणत्या वारंवारतेला आणि कोणत्या तपमानाला?’ या पुस्तीवाचून अपुराच राहतो.

हे ज्ञान एका दिवसात आलेले नाही, आणि त्याचा इतिहास संक्षेपाने तरी ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. अमेरिकेतील हेन्री रोलंड या तरुणाने लोखंडाच्या कड्यांवर तारा गुंडाळून पार्यता क्षेत्राबरोबर कशी बदलते याची पद्धतशीर मोजणी केली; त्याचा निबंध मायदेशातील नियतकालिकाने पुनःपुन्हा नाकारला, पण खुद्द जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी त्याचे महत्त्व ओळखून तो १८७३ साली इंग्लंडातील ‘फिलॉसॉफिकल मॅगझिन’मध्ये छापवून आणला. पुढे जेम्स आल्फ्रेड यूइंग यांनी टोकियोत अध्यापन करीत असताना आपल्या जपानी विद्यार्थ्यांसमवेत लोखंडाच्या मंदायनाचा, म्हणजे परिणाम कारणाच्या मागे रेंगाळण्याच्या गुणाचा, कसून अभ्यास केला. १८९२ साली चार्ल्स स्टाइनमेट्झ यांनी मंदायनामुळे होणारा ऊर्जाव्यय स्रोतघनतेच्या १.६ व्या घातानुसार वाढतो असा व्यवहारोपयोगी नियम मांडला. विसाव्या शतकाच्या आरंभी बॅरेट, ब्राऊन व हॅडफील्ड यांच्या संशोधनातून सिलिकॉनयुक्त पोलाद पुढे आले. आणि १९३४ साली नॉर्मन गॉस यांना लाटण्याच्या दिशेने कण जुळवलेल्या पोलादाच्या कृतीचे पेटंट मिळाले, ज्याच्या पत्र्यावर आजची बहुतेक मोठी रोहित्रे उभी आहेत. या परंपरेत एक सूत्र स्पष्ट दिसते : प्रत्येक पिढीने लोखंडाविषयी जे सांगितले, ते प्रत्यक्ष तुकडा हाती घेऊन, मोजून, आणि मोजण्याची रीत जाहीर करून सांगितले.

संगणकाच्या युगात या सूत्राला एक नवी कलाटणी मिळाली. १९७० साली माँट्रियलच्या मॅक्गिल विद्यापीठातील पीटर सिल्व्हेस्टर आणि एम. व्ही. के. चारी यांनी तृप्त होणाऱ्या लोखंडातील क्षेत्र सान्त घटक पद्धतीने सोडवण्याची रीत प्रसिद्ध केली, आणि आजचे पुष्कळसे क्षेत्रगणित त्याच वाटेने चालते. यंत्राच्या छेदाचे लहान लहान त्रिकोण पाडावयाचे, प्रत्येक त्रिकोणाला पार्यतेचे एक तात्पुरते मूल्य द्यावयाचे, त्यावरून क्षेत्र काढावयाचे, त्या क्षेत्राला पदार्थाच्या बी-एच वक्रावर कोणती पार्यता शोभते ते पाहावयाचे, आणि ही फेरतपासणी मागचा व पुढचा हिशेब एकमेकांशी जुळेपर्यंत करीत राहावयाचे, असा तिचा सारांश आहे. न्यूटन-रॅफसन पद्धतीत ही जुळवणी त्वरेने होते. पण ती पद्धत वक्राच्या मूल्याबरोबर त्याच्या चढाचाही उपयोग करीत असल्यामुळे, वापरणाऱ्याने भरलेल्या बिंदूंत कोठे उंचवटा, खाच किंवा उलटा उतार राहिला, तर प्रोग्राम हेलकावे खातो, किंवा मुकाट्याने तो वक्र स्वतःच गुळगुळीत करून घेतो. एफईएमएम अशा वेळी लगतच्या तीन बिंदूंची सरासरी पुनःपुन्हा घेऊन वक्र नीट बसेपर्यंत त्याला घोटतो. ही त्याची सोय आहे. पण जो वक्र आपण भरला तोच सोडवला गेला, असा समज करून घेणाऱ्याची त्यामुळे फसगत होऊ शकते. म्हणून बिंदू विरळ कोठे व दाट कोठे घ्यावेत, वक्राच्या गुडघ्यापाशी त्यांची गर्दी का करावी, आणि ओर्स्टेडमध्ये दिलेले आकडे अँपिअर प्रति मीटरच्या रकान्यात भरल्यास पार्यता सुमारे ८० पट कशी फुगते, यांचा तपशील पहिल्या दोन प्रकरणांत मुद्दाम विस्ताराने दिला आहे.

सॉफ्टवेअरबरोबर येणाऱ्या पदार्थांच्या यादीविषयी माझे मत प्रथमच स्पष्ट सांगतो. ही यादी निरुपयोगी नाही; पण तिच्यातील नोंद आणि आपल्या हातातील लोखंड यांचे नाते सातबाऱ्यावरील नोंद आणि प्रत्यक्ष शेत यांच्यासारखे आहे : नोंद शिरस्त्याने घेतलेली असली, तरी बांध कोठे सरकला आहे हे मोजणीवाचून कळत नाही. एफईएमएमच्या यादीत एम-१९ या पोलादाचा वक्र आहे, आणि तो बेलाशक वापरावा. मात्र तो सर्वसाधारण एम-१९ चा आहे, आपल्या गुदामात आलेल्या गुंडाळीचा नव्हे. कारखान्याच्या पत्रकातील वक्र बहुधा एपस्टाइन चौकटीत मोजलेले असतात. या चौकटीत ३० मिलिमीटर रुंदीच्या पट्ट्या रचून चौरस बनवतात, आणि दिशारहित पोलादासाठी अर्ध्या पट्ट्या लाटण्याच्या दिशेने व अर्ध्या तिच्याशी काटकोनात कापतात. म्हणजे पत्रकातील वक्र हा दोन दिशांची सरासरी असतो, आणि आपल्या चलित्राचा एखादा दात त्या सरासरीत न राहता निखळ एका दिशेने चुंबकित होत असतो. शिवाय ठशाने पत्रा कापताना कडेला ताण बसतो आणि कडेपासून काही मिलिमीटरपर्यंत पार्यता खालावते. मोठ्या रोहित्रात याची क्षिती बाळगण्याचे कारण नाही; पण चार-पाच मिलिमीटर रुंदीच्या दातात दोन्ही कडांचा हा ऱ्हास जवळजवळ सारा दात व्यापून टाकतो. अशा ठिकाणी कडेच्या पट्ट्याला आकृतीतच वेगळा भाग करून त्याला स्वतंत्र, खालावलेला वक्र देणे हाच प्रामाणिक मार्ग होय, आणि तो कसा आखावा हे तिसऱ्या प्रकरणात दाखवले आहे.

वक्राचे शेवटचे टोक हा या विषयातील सर्वांत उपेक्षित, आणि माझ्या मते सर्वांत धोक्याचा, मुलूख आहे. पत्रकातील मोजणी जेथे संपते त्याच्या पुढे यंत्राचे क्षेत्र गेले, तर एफईएमएम शेवटच्या बिंदूपासून वक्र सरळ रेषेने पुढे वाढवतो. आता अशी कल्पना करा की, आपल्या तक्त्यातील शेवटचा बिंदू १.७ टेस्लापाशी आहे आणि तेथील चढ सापेक्ष पार्यता ५० दाखवतो. एच आणखी ५०,००० अँपिअर प्रति मीटरने वाढला, तर या सरळ रेषेनुसार बी आणखी ३.१४ टेस्लाने वाढून ४.८४ टेस्ला होईल. आणि शुद्ध लोखंडाची तृप्तीदेखील सुमारे २.१५ टेस्लापाशी येत असल्यामुळे, असे लोखंड पृथ्वीतलावर कोठेही मिळणार नाही. पूर्ण तृप्त झालेल्या पदार्थात हीच वाढ ०.०६३ टेस्लाच्या आसपास राहिली असती. म्हणून शेवटच्या मोजलेल्या बिंदूपुढे वक्र आपण स्वतः वाढवावा, पदार्थाच्या तृप्तीची मर्यादा ध्यानात घेऊन चढ क्रमाक्रमाने कमी करीत न्यावा, तो निर्वाताच्या पार्यतेपर्यंत आणून सोडावा, आणि त्याखाली कधीही जाऊ देऊ नये. तृप्तीत चालणाऱ्या यंत्राचा टॉर्क किंवा विद्युत्‌चुंबकाची ओढ फसवी येते तेव्हा दोष पुष्कळदा त्रिकोणांच्या जाळ्यात शोधला जातो. तो टोकाच्या या चार-पाच बिंदूंत असण्याचा संभवही तितकाच असतो.

पत्र्यांच्या थराने बनलेला गाभा हा दुसरा एक विषय, ज्यात पार्यता स्वहस्ते घडवावी लागते. प्रत्येक पत्रा स्वतंत्रपणे रेखाटणे अशक्य असते. म्हणून पत्रे आणि त्यांमधील निरोधक लेप मिळून एकच कल्पित पदार्थ मानतात. भरणगुणक, म्हणजे गाभ्याच्या जाडीतील पोलादाचा वाटा, ०.९५ आणि पोलादाची सापेक्ष पार्यता ४,००० धरली, तर पत्र्यांच्या सपाटीतून जाणाऱ्या स्रोताला या पदार्थाची पार्यता सुमारे ३,८०० वाटते. पण थर ओलांडून जाणाऱ्या स्रोताला तीच केवळ २० च्या आसपास भासते, कारण लेपाने व्यापलेला पाच टक्के भाग त्याच्या वाटेत एकामागून एक आडवा येतो. एकाच पदार्थाच्या दोन दिशांत जवळजवळ १९० पटींचा हा फरक न दाखवता जो त्रिमितीय गाभ्याला सर्व दिशांना एकच आकडा देतो, त्याला गाभ्याच्या टोकाकडील क्षेत्र खरे दिसणे दुरापास्त आहे. कण जुळवलेल्या पोलादात पत्र्याच्या सपाटीतच दिशाभेद असल्याने सांध्यांच्या कोपऱ्यांत तिसरी गुंतागुंत उद्भवते, आणि तिला स्वतंत्र प्रकरण दिले आहे.

उच्च वारंवारतेच्या राज्यात पार्यता एकेरी संख्या राहत नाही. तिचा एक भाग ऊर्जा साठवतो आणि दुसरा ती खर्ची घालतो, म्हणून ती संमिश्र संख्येच्या रूपाने भरावी लागते. येथे चिन्हाची एक बारीकशी बाब आहे, पण तिचा परिणाम बारीक नाही : काही प्रोग्राम कालावलंबन एका चिन्हाने लिहितात, काही उलट चिन्हाने, आणि एका पद्धतीचे आकडे दुसऱ्यात जसेच्या तसे उतरवले तर ऊर्जा गिळणारा फेराइट ऊर्जा निर्माण करू लागतो. फेराइटांच्या बाबतीत दुसरी मर्यादा निसर्गाची आहे. फिलिप्सच्या प्रयोगशाळेत स्नूक यांनी चाळीसच्या दशकात दाखवून दिले की, ज्याची आरंभीची पार्यता मोठी, तो फेराइट अधिक खालच्या वारंवारतेलाच दम सोडतो. म्हणून एक किलोहर्ट्‌झला मोजलेली पार्यता दहा मेगाहर्ट्‌झच्या हिशेबात वापरणे ही निव्वळ कसूर होय. चिरचुंबकांसाठी नियम आणखी वेगळे आहेत : निओडिमियम चुंबकाची परतीची सापेक्ष पार्यता १.०५ च्या आसपास, म्हणजे जवळजवळ हवेइतकीच असते, आणि त्याचे सामर्थ्य वक्राच्या दुसऱ्या चरणात नोंदवावे लागते, तेही यंत्राच्या प्रत्यक्ष तपमानाला.

इतके सारे वाचून वाचकाने धास्ती घेऊ नये, आणि सर्वत्र सारखीच काळजी घेण्याच्या भरीसही पडू नये, म्हणून या पुस्तकात तारतम्याला मी सर्वांत मोठे स्थान दिले आहे. एक दाखला येथेच देतो. फेराइटच्या गाभ्यातील स्रोतमार्ग १०० मिलिमीटरचा असून त्यात १ मिलिमीटरची हवेची फट ठेवली आहे. पदार्थाची पार्यता २,००० असेल, तर साऱ्या मंडलाची परिणामी पार्यता सुमारे ९५ येते. पदार्थ बदलून ती ३,००० केली, तरी परिणामी पार्यता ९७ च्या पलीकडे जात नाही. पदार्थ दीडपट सुधारला आणि उत्तर दोन टक्क्यांनीही हलले नाही, कारण तेथे अंमल फटीचा आहे. अशा ठिकाणी वक्राच्या शुद्धतेवर आठवडे घालवण्यापेक्षा फट सूक्ष्ममापकाने मोजावी. याच्या नेमके उलट, दुर्बळ क्षेत्र अडवण्यासाठी म्यू-मेटल या निकेल-लोह मिश्रधातूचे आवरण योजले असेल, तर त्याची परिणामकारकता पार्यतेच्या जवळजवळ समप्रमाणात बदलते. आणि हा धातू हायड्रोजनमध्ये तापवून घेतल्यानंतर त्याला वाकवले किंवा ठोकले तरी त्याची पार्यता ढासळते. तेथे पत्रकावरचा आकडा डोळे मिटून भरणे म्हणजे साऱ्या हिशेबाचा पायाच उसना घेणे होय. कोणते उत्तर पदार्थावर किती अवलंबून आहे याची पारख करण्यासाठी पार्यता दहा-वीस टक्क्यांनी वर-खाली करून हिशेब पुन्हा चालवावा, ही साधी रीत प्रत्येक प्रकरणाच्या अखेरीस उदाहरणासह दिली आहे.

स्वतःची मोजणी करणे आपल्याकडील छोट्या कारखान्यालाही अशक्य नाही. पत्र्याची कडी कापून तिचा बाहेरील व आतील व्यास एकमेकांच्या शक्य तितका जवळ ठेवावा, म्हणजे कडीतील क्षेत्र सर्वत्र सारखे राहील. तिच्यावर दोन वेटोळी गुंडाळावी. प्रवाहाची दिशा पुनःपुन्हा उलटवीत आणि तो हळूहळू उतरवीत नेऊन तिचे आधीचे चुंबकत्व पुसून टाकावे. मग पहिल्या वेटोळ्यातील प्रवाहावरून एच आणि दुसऱ्यातील विद्युत्‌दाबाच्या समाकलनावरून बी काढावा. रोलंड यांची कडी आणि आजची कडी यांत तत्त्वतः भेद नाही. केवळ त्यांच्या गॅल्व्हॅनोमीटरची जागा आता ऑसिलोस्कोपने घेतली आहे. अशा रीतीने मिळालेला वक्र प्रोग्राममध्ये भरल्यावर प्रथम तीच कडी संगणकात रेखाटून तिचे उत्तर मोजणीशी ताडून पाहावे, आणि ही रुजुवात झाल्यावाचून पुढे जाऊ नये. प्रोग्रामचीच खातरजमा करावयाची असेल, तर क्षेत्रगणिताच्या पद्धती पारखणाऱ्या ‘टीम’ या कार्यशाळांतून सर्वमान्य झालेला तेरावा प्रश्न, ज्यात वेटोळ्याभोवती पोलादाच्या पातळ पट्ट्या मांडलेल्या असतात, त्रिमितीय अरेषीय गणितासाठी उत्तम कसोटी ठरतो.

हे पुस्तक तीन प्रकारच्या वाचकांना समोर ठेवून लिहिले आहे : अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षातील विद्यार्थी, रोहित्रे व चलित्रे बांधणाऱ्या कारखान्यांतील आराखडाकार, आणि दुरुस्तीच्या व्यवसायात राहूनही कारणे जाणून घेण्याची हौस असणारे कारागीर. सूक्ष्म मंदायनाची प्रतिमाने, म्हणजे १९३५ चे प्राइझाख यांचे किंवा ऐंशीच्या दशकातील जाइल्स व अॅथरटन यांचे, यांचा येथे केवळ परिचय करून दिला आहे. त्यांचा समग्र ऊहापोह या ग्रंथाच्या आवाक्यापलीकडचा आहे. रोहित्राच्या गाभ्याचा सांगोपांग विचार ज्यांना करावयाचा आहे, त्यांनी मुंबईच्या आय.आय.टी.मधील एस. व्ही. कुलकर्णी व एस. ए. खापर्डे यांचा २००४ साली प्रसिद्ध झालेला रोहित्र-अभियांत्रिकीवरील इंग्रजी ग्रंथ अवश्य अभ्यासावा. हा विषय मराठीत मांडण्याचा माझा आग्रह मात्र केवळ भाषाप्रेमातून आलेला नाही. यंत्रशाळेत पत्रा कापणारा आणि संगणकापुढे बसून वक्र भरणारा ही दोन माणसे एकमेकांशी बोलली पाहिजेत, आणि ती बोलतात ती मराठीत, या अनुभवातून तो आला आहे. पत्रा कोणत्या दिशेने कापला, तो नंतर तापवला की नाही, हे पहिल्याने सांगितल्याशिवाय दुसऱ्याला आपला रकाना शुद्ध भरता येत नाही.

अखेरीस वाचकांना एक विनंती आहे. आपण घडवलेल्या प्रत्येक पदार्थाला प्रोग्राममध्ये नाव देताना, त्याच्याजवळ एक छोटे टिपण ठेवण्याची वहिवाट आजपासूनच पाडावी : आकडे कोठून घेतले, नमुना कोणत्या दिशेने कापला होता, तपमान व वारंवारता किती होती, भरणगुणक कोणता धरला, शेवटचा मोजलेला बिंदू कोठे आहे आणि त्यापुढील वक्र कोणत्या आधारावर वाढवला. दोन वर्षांनी तीच फाइल दुसऱ्याच्या हाती जाईल तेव्हा त्याला वक्र दिसेल, पण त्यामागील विचार दिसणार नाही, आणि एका आराखड्यासाठी केलेली तडजोड पुढच्या दहा आराखड्यांत सिद्ध गोष्ट म्हणून वावरू लागेल. पार्यता स्वतः ठरवण्याची मोकळीक सॉफ्टवेअरने आपल्याला दिली आहे. तिच्याबरोबर येणारा जबाब देण्याचा भार आपणच उचलावयाचा आहे, आणि तो उचलण्यास हे पुस्तक थोडेबहुत साहाय्यभूत झाले, तर ते लिहिण्याचे श्रम सार्थकी लागले असे मी मानीन.